नवे पॅड घालताना जुनी डिस्क ठेवायची की बदलायची? मोजून ठरवा

ब्रेक पॅड संपले की पुढचा प्रश्न ठरलेला: डिस्क तीच ठेवायची की तीही नवी घ्यायची? यावर दोन उत्तरं कायम ऐकू येतात. एक, ‘पॅडबरोबर डिस्क बदलायचीच असते.’ दुसरं, ‘डिस्क बघा कशी चकचकीत आहे, तिला काय धाड भरलीय? पॅड टाका आणि चला.’ पहिल्या उत्तराने चांगली डिस्क भंगारात जाते. दुसऱ्याने लांब उतारावर ब्रेक तापून ढिले पडायची वेळ येते. दोन्ही उत्तरं देणाऱ्यांनी एक काम केलेलं नसतं, डिस्कला माप लावलेलं नसतं.

माप लावणारेही बऱ्याचदा चुकतात, कारण ते चुकीचा प्रश्न विचारतात. ‘डिस्क आज किमान जाडीच्या (उत्पादकाने ठरवलेली, जिच्याखाली डिस्क वापरायची नाही) वर आहे का?’ एवढंच ते बघतात. खरा प्रश्न असा आहे: आज घातलेले पॅड संपतील त्या दिवशी डिस्क किमान जाडीच्या वर असेल का? मधल्या काळात त्या डिस्कची जाडी कोणीही मोजणार नाही. म्हणून पुढचा हिशोब आजच करायचा.

(डिस्क, रोटर, डिस्क प्लेट ही एकाच वस्तूची नावं: चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, जिच्यावर पॅड दाबले की गाडी थांबते. इथे सगळीकडे डिस्क म्हटलं आहे.)

## सुरुवातीआधी: काय हाताशी हवं

जॅक, दोन जॅक स्टँड, चाकांना लावायला ठोकळे, चाकाचा पाना, टॉर्क रेंच, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनर, टॉर्च, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) टांगायला जाड तार, मार्कर आणि वही. वही विसरू नका, तिचं काम शेवटपर्यंत आहे.

मोजायला ० ते २५ मिमीचा मायक्रोमीटर (स्क्रू फिरवून बारीक जाडी मोजायचं साधन). डिस्क २५ मिमीपेक्षा जाड असेल तर २५ ते ५० मिमीचा लागेल. चुंबकी स्टँडवरचा डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं साधन) मिळाला तर फारच चांगलं. नाही मिळाला तरी रनआउट (फिरताना डिस्क किती डोलते ते) सोडून बाकी सगळं तपासता येतं.

सावधान: ब्रेकची काळी धूळ हवेच्या पाइपने किंवा तोंडाने फुंकू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि नव्या पॅडची धूळही फुप्फुसात जायला नकोच. ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसा.

## १. चाक काढण्याआधी गाडी चालवून बघा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. चाक निघाल्यावर डिस्क फक्त दिसते. ती कशी वागते ते रस्त्यावरच कळतं.

मोकळा, सपाट रस्ता बघा. मागे गाडी नाही याची खात्री करून ताशी ६० ते ८० किलोमीटरवरून हलका, एकसारखा ब्रेक लावा. स्टिअरिंग थरथरलं तर बहुधा पुढच्या डिस्कमध्ये दोष आहे. स्टिअरिंग शांत आहे पण सीट किंवा फरशी थरथरते, तर मागच्या बाजूला बघा. पायाखाली पेडल धडधडत असेल तर दोन्हीपैकी कुठलीही डिस्क असू शकते. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल कडकड करतं ते एबीएसचं (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम, तो दोष नव्हे.

थांबल्यावर चारही चाकांजवळ तळहात धरा. डिस्कला किंवा चाकाला हात लावू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम असेल तर तिथला कॅलिपर बहुधा अडकतो आहे. तो दुरुस्त न करता नवी डिस्क घातली तर तीही तशीच जळेल.

नेहमीची चूक: ‘नवे पॅड घातले की थरथर जाईल.’ जात नाही. थरथर येते डिस्कमधून. नवे पॅड त्याच उंचसखल पृष्ठभागावर चालतात आणि काही दिवसांत तक्रार परत सुरू होते.

## २. गाडी उचला, चाक काढा, पण डिस्क मोकळी सोडू नका

गाडी सपाट, टणक जमिनीवर. न उचललेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग उचला, जॅक स्टँड लावा आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

चाक काढायच्या आधी ते वरून-खालून धरून हलवून बघा. खुळखुळलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट ढिला आहे. त्या ढिलाईत डिस्कच्या रनआउटचं माप खरं येणार नाही.

चाक निघालं की बऱ्याच गाड्यांत डिस्क हबवर (चाक ज्यावर बसतं त्या फिरणाऱ्या भागावर) नुसती टेकलेली राहते. तिला धरून ठेवणारे चाकाचे नट आता निघालेले असतात. म्हणून हबवर परत नट चढवा, गरज पडली तर वॉशर घालून, आणि डिस्क हबला घट्ट बसवा. हे न करता हाताने डिस्क फिरवायची, ती डोलताना दिसली की ‘वाकली’ म्हणायचं, हा प्रकार फार चालतो.

डिस्क आणि हब या दोन्हींवर समोरासमोर मार्करची खूण करून ठेवा. हीच डिस्क परत बसवायची ठरली तर ती त्याच जागी जायला हवी.

मागच्या चाकांवर काम करत असाल तर गाडीला ठोकळे नीट लागल्याची खात्री करून हँडब्रेक सोडा. काही गाड्यांत मागच्या डिस्कच्या पोटात हँडब्रेकचे छोटे ब्रेक शू असतात. ते सैल केल्याशिवाय डिस्क निघत नाही.

## ३. दोन आकडे शोधा

पहिला आकडा किमान जाडी. तो बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो, मधल्या टोपीसारख्या भागावर किंवा बाहेरच्या कडेवर. इंग्रजीत ‘मिनिमम थिकनेस’चं लघुरूप आणि पुढे मिलिमीटर असं लिहिलेलं असतं. गंजाखाली लपला असेल तर तारेचा ब्रश मारा. झिजून गेला असेल तर गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किंवा डिस्क बनवणाऱ्याच्या तक्त्यात मिळतो.

दुसरा आकडा नव्या डिस्कची जाडी. हा शोधायचा बरेच जण कंटाळा करतात, पण पुढचं सगळं गणित यावर आहे. पुढची पोकळ डिस्क नवी असताना २२ मिमी आणि किमान २० मिमी, अशी जोडी सर्रास दिसते. म्हणजे आयुष्यभराची झीज अवघी २ मिमी, दोन्ही बाजू मिळून.

एवढ्या जाड डिस्कला २ मिमीने काय होतं, असं वाटणं साहजिक आहे. पण पोकळ डिस्कच्या मधे हवा खेळायला फट असते. समजा ती ८ मिमीची आहे. मग २२ मिमीत खरं लोखंड १४ मिमी, बाजूला ७-७. त्यातले २ मिमी गेले म्हणजे सातवा हिस्सा गेला. दीड हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबते तेव्हा साधारण ५८० किलोजूल ऊर्जेची उष्णता होते, आणि तिचा मोठा भाग डिस्कमध्ये जातो. उष्णता तेवढीच, लोखंड कमी, म्हणून पातळ डिस्क जास्त तापते. शिवाय डिस्क पातळ आणि पॅडही संपलेले अशा वेळी कॅलिपरचा पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) नेहमीपेक्षा जास्त बाहेर येतो.

खात्री करा: वहीत लिहा: नवी किती, किमान किती. हे दोन आकडे नसतील तर मोजायला घेऊ नका. नुसत्या मापाला काही अर्थ नाही.

## ४. जाडी मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश करा.

डिस्क वापरता वापरता जिथे पॅड घासतो तो पट्टा झिजतो आणि बाहेरच्या काठाशी न झिजलेला कंगोरा उभा राहतो. साधा व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी) बाहेरून लावला की त्याचे जबडे या कंगोऱ्यावर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दिसते. ‘अजून २१.८ आहे, जवळपास नवीच’ असं म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा कंगोरा मोजलेला असतो.

मायक्रोमीटर कंगोरा ओलांडून आत जातो. आधी त्याचे दोन्ही टोक पुसून शून्य बघा. डिस्कवरचा पट्टा ब्रेक क्लीनरने पुसा. बाहेरच्या काठापासून साधारण १० ते १५ मिमी आत, पॅडच्या पट्ट्याच्या मधोमध मोजा. शेवटची पकड रॅचेटनेच (ठरावीक दाबानंतर घसरणाऱ्या टोकाच्या छोट्या मुठीने) द्या. बोटाने आवळून माप कमी करता येतं, डिस्क मात्र तेवढीच राहते.

मायक्रोमीटर नाहीच मिळाला तर: दोन सारखी, सपाट नाणी किंवा वॉशर घ्या. डिस्कच्या दोन्ही बाजूंना पट्ट्यावर एक-एक धरा, कंगोऱ्याच्या आत. त्यांच्यावरून व्हर्नियरने माप घ्या. मग दोन्ही नाणी एकत्र मोजून ती जाडी वजा करा. किमान जाडीचा निर्णय घ्यायला हे पुरतं. पुढच्या पायरीच्या बारीक फरकासाठी मात्र पुरत नाही.

डिस्कवर खोल चर असतील तर माप चराच्या तळाशी घ्या. किमान जाडी सर्वांत पातळ जागेला लागू होते, सरासरीला नाही.

सावधान: कंगोऱ्याच्या उंचीवरून झीज ठरवू नका. काठावर गंज चढून कंगोरा फुगतो आणि झीज आहे त्यापेक्षा जास्त वाटते. चांगली डिस्क या एका गैरसमजापायी काढली जाते.

## ५. एकाच जागी नाही, आठ जागी

डिस्कवर घड्याळाच्या तबकडीसारख्या आठ खुणा करा. काठापासूनचं अंतर प्रत्येक ठिकाणी सारखं ठेवा. आठही मापं क्रमाने लिहा.

एका डिस्कची मापं अशी येऊ शकतात: २१.१२, २१.१२, २१.११, २१.०९, २१.०८, २१.०९, २१.११, २१.१२. फरक फक्त ०.०४ मिमी, नजरेला तर दिसणारच नाही. पण पायाला कळतो. बऱ्याच गाड्यांसाठी हा फरक ०.०१ ते ०.०२ मिमीच्या आत असावा लागतो. डिस्क फिरते तेव्हा जाड भाग पॅडना बाहेर ढकलतो, पातळ भाग आत येऊ देतो, आणि ही ढकलाढकल ब्रेक ऑइलमधून थेट पेडलपर्यंत येते.

‘डिस्क वाकली’ असं म्हणतात तेव्हा खरा दोष बहुतेक वेळा हाच असतो. डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी जागोजाग वेगळी झालेली असते. काही वेळा झिजून, काही वेळा पॅडचा थर एका जागी चिकटून. तापलेले ब्रेक घट्ट दाबून गाडी उभी ठेवली की पॅडखालच्या जागी असा थर बसू शकतो.

सर्वांत छोटं माप गोल करून ठेवा. आठव्या पायरीत तेच वापरायचं.

## ६. रनआउट बघा

डायल गेजचा स्टँड सस्पेन्शनच्या न हलणाऱ्या भागावर बसवा. गेजची टोकदार दांडी काठापासून साधारण १० मिमी आत टेकवा. डिस्क एक पूर्ण फेरा हळू फिरवा. काटा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त कुठे गेला ते लिहा. मर्यादा गाडीगणिक वेगळी असते, बऱ्याच गाड्यांत ०.०५ ते ०.१० मिमीच्या दरम्यान.

जास्त आलं म्हणून लगेच डिस्कला दोष देऊ नका. आधी डिस्क काढून हबचा चेहरा बघा. हब आणि डिस्क यांच्यामध्ये गंजाची एक खपली असली की डिस्क तिरकी बसते. हबपेक्षा डिस्कचा व्यास मोठा, म्हणून हबवरची छोटी चूक काठापाशी मोठी होते. तारेच्या ब्रशने हब घासा, डिस्कची आतली बाजू घासा, परत बसवा, परत मोजा. तरीही जास्त असेल आणि तुमच्या डिस्कला ठरावीक जागेचा स्क्रू नसेल, तर डिस्क हबवर एक भोक पुढे सरकवून मोजा. यानेही रनआउट बरंच कमी होऊ शकतं.

रनआउट लगेच थरथर देत नाही. डिस्कचा बाहेर झुकलेला भाग ब्रेक न लावताही दर फेऱ्याला पॅडला चाटून जातो आणि तिथे थोडा थोडा झिजतो. काही हजार किलोमीटरनंतर पाचव्या पायरीतला जाडीचा फरक तयार होतो. म्हणून ‘नवी डिस्क घातली होती, सुरुवातीला छान होती, मग वाकली’ ही तक्रार ऐकली की मला आधी हबवरचा गंज आठवतो.

## ७. नजर आणि नख, दोन्ही बाजूंना

बाहेरची बाजू सगळे बघतात. आतली बाजू चाक काढूनही नीट दिसत नाही, टॉर्च आणि मान वाकवणं दोन्ही लागतं.

माझ्याच गाडीत एकदा बाहेरची बाजू आरशासारखी होती, बाहेरच्या पॅडवर चांगला ५ मिमी मसाला (पॅडचा घासणारा थर) शिल्लक होता. कॅलिपर उचलला तर आतल्या पॅडचा मसाला पूर्ण गेलेला, लोखंडी पत्रा डिस्कवर घासत होता आणि आतल्या बाजूला बोटाच्या टोकाला जाणवतील असे गोल चर पडले होते. कॅलिपरची एक स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो) गंजून जाम झाली होती. त्याआधीच्या तपासणीत फक्त चाकाच्या जाळीतून बघून ‘पॅड ठीक’ असा शेरा मिळाला होता. तेव्हापासून आतला पॅड बघितल्याशिवाय मी कुठलाच निर्णय घेत नाही.

बघायचं काय:

चर. नख आडवं फिरवा. बारीक रेघा सगळ्याच डिस्कवर असतात, त्यांनी बिघडत नाही. नख अडकून थांबेल असे चर असतील तर खोली मोजा. दीड मिमीच्या आसपास गेले की डिस्क ठेवण्यात अर्थ नाही.

तडे. काठापर्यंत पोहोचलेला किंवा आरपार गेलेला तडा दिसला की तिथेच विषय संपला. जाडी कितीही असो, ती डिस्क गाडीवर परत जाणार नाही. पृष्ठभागावरचं केसासारखं जाळं, ज्यात नख अडकत नाही, ते उष्णतेचं असतं. त्यावर लक्ष ठेवायचं, पण एवढ्यावरून डिस्क काढायची गरज नसते.

निळे-काळे डाग. संपूर्ण डिस्कला हलकी निळी झाक आली असेल तर ती कधीतरी फार तापली होती. कारण शोधा. वेगवेगळे गडद ठिपके असतील तर तिथलं लोखंड उष्णतेने बदलून कडक झालेलं असतं. हे कडक भाग खोलवर गेलेले असतात, लेथवर (डिस्क फिरवून पृष्ठभाग कापून सपाट करणाऱ्या यंत्रावर) वरचा थर काढला तरी पुन्हा उभे राहतात. अशी डिस्क बदला.

गंज. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर येतो, तो दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. गाडी बरेच महिने उभी होती तर गोष्ट वेगळी. पॅडच्या पट्ट्यात खळगे पडले असतील किंवा पट्ट्याचा काही भाग पॅडला लागतच नसेल, तर ब्रेक तेवढ्या कमी जागेवर लागतो आहे. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत मोटरच बराच वेग कमी करते, त्यामुळे डिस्क झिजण्याऐवजी गंजून बाद होते. तिथे जाडी उत्तम येते आणि डिस्क खराब निघते. पोकळ डिस्कच्या फटीतल्या लोखंडी पट्ट्यांचे पापुद्रे सुटत असतील तर तीही काढा.

कंगोरा. नवा पॅड हातात घ्या, त्याच्या जागी ठेवून डिस्कवर बोटाने दाबा. मागून टॉर्च मारा. पॅड पट्ट्यावर सपाट बसतो की कंगोऱ्यावर चढतो? चढत असेल तर नवा पॅड काठावरच टेकेल, आवाज करेल आणि ब्रेक अर्धवट लागेल.

## ८. आता गणित

तडे, कडक ठिपके, खोल चर यांपैकी काही नसेल तरच इथे या. असेल तर डिस्क बदलायचीच आहे.

समजा नवी २२.० मिमी, किमान २०.० मिमी, आणि आजचं सर्वांत छोटं माप २०.९ मिमी. डिस्क गाडीबरोबर आलेली आहे आणि हा पॅडचा पहिलाच संच संपला. म्हणजे एका संचाने १.१ मिमी खाल्ले. पुढचा संच तेवढेच खाईल असं धरा: २०.९ वजा १.१ म्हणजे १९.८. पॅड संपायच्या आधीच डिस्क किमान जाडीखाली जाणार. आज ती ‘मर्यादेत’ आहे, तरी बदला.

दुसरी गाडी, तेच मूळ आकडे, आजचं माप २१.४. एका संचाने ०.६ खाल्ले. २१.४ वजा ०.६ म्हणजे २०.८. ही डिस्क ठेवा, नव्या पॅडबरोबर निर्धास्त चालेल.

डिस्कवर आधी दोन संच संपले असतील तर एकूण झिजेला दोनाने भागा. इतिहासच ठाऊक नसेल तर साधा ठोकताळा: परवानगी असलेल्या झिजेपैकी निम्म्याहून जास्त झीज झाली असेल तर डिस्क बदला. २२ ते २० च्या डिस्कमध्ये तो काटा २१.० वर येतो.

एक गोष्ट जमेस धरा. सगळे पॅड डिस्क सारखी खात नाहीत. धातूचं प्रमाण जास्त असलेले पॅड साधारणपणे सिरॅमिक पॅडपेक्षा डिस्क लवकर झिजवतात. जुन्यापेक्षा कडक पॅड घालत असाल तर जुना झिजेचा आकडा थोडा वाढवून धरा.

खात्री करा: दोन्ही बाजूंच्या चाकांचं गणित वेगळं करा आणि त्यातलं वाईट उत्तर दोन्हींना लावा. डिस्क बदलायची तर त्या ॲक्सलची (पुढची किंवा मागची) जोडी बदलायची. एकीकडे नवी आणि दुसरीकडे जुनी असली तर ब्रेकखाली गाडी एका बाजूला ओढू शकते. पुढची जोडी बदलली म्हणून मागची बदलावी लागत नाही.

## ९. लेथवर घ्यायची का?

जाडी भरपूर शिल्लक आहे, पण थरथर आहे किंवा उथळ चर आहेत, अशा वेळीच हा पर्याय. गणित तेच, फक्त आधी लेथवर जाणारा थर वजा करायचा. २१.६ च्या डिस्कवरून बाजूला ०.२ काढले तर २१.२ उरते. त्यातून एका संचाची झीज वजा करून २०.० च्या वर राहिली तर लेथ फायद्याचा. २०.९ ची डिस्क लेथवर पाठवणं म्हणजे मजुरी देऊन तिला मर्यादेकडे ढकलणं.

काही उत्पादक दोन वेगळ्या मर्यादा देतात: लेथवरून आल्यावर किमान किती हवी, आणि किती झाल्यावर टाकून द्यायची. पहिला आकडा मोठा असतो. लेथसाठी तोच बघायचा. परत आलेली डिस्क स्वतः मोजा, आठही जागी.

## १०. जुनी डिस्क ठेवताय तर

जुन्या पॅडचा थर डिस्कवर राहिला की नवा पॅड नीट बसत नाही. १२० ते १५० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन दोन्ही बाजू गोल आणि आडवी-तिडवी, सगळीकडे सारखी घासा. एकाच जागी जोर देऊ नका. मग ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडकं, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. त्यानंतर डिस्कला बोट लावायचं नाही. हब साफ करून खुणेला खूण जुळवून बसवा.

## ११. नवी डिस्क बसवताय तर

अडकलेली डिस्क काढायला बऱ्याच डिस्कमध्ये आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यात बोल्ट आवळत नेले की डिस्क सुटून येते. हातोड्याचे घाव घातले तर त्यांचा धक्का बेअरिंगला बसतो.

हब धातू दिसेपर्यंत घासा. नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते दोन्ही बाजूंनी ब्रेक क्लीनरने काढा. हे राहिलं तर तेल पॅडमध्ये मुरतं आणि नवे पॅड पहिल्याच दिवशी वाया जातात. काही पोकळ डिस्कच्या आतल्या पट्ट्या वळणाच्या असतात आणि त्या डिस्क डाव्या-उजव्या ठरलेल्या असतात. बाण किंवा खूण बघा. बसवून झाल्यावर सहावी पायरी परत करा. नवी म्हणजे सरळ बसलीच, असं नसतं.

## १२. पॅड, पिन आणि पहिलं पेडल

कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवू नका, तारेने टांगा. स्लाइड पिन काढून पुसा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवतं. पिन हाताने सहज सरकली पाहिजे.

पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलच्या टाकीवर नजर ठेवा. भरून सांडलं तर ते रंग खातं, लगेच पाण्याने धुवा. मागच्या काही कॅलिपरचा पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड (हँडब्रेकची मोटर मागे नेणारी सोय) लावा, नाहीतर आतली यंत्रणा तुटू शकते.

चाक बसवून नट एकाआड एक, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. एकामागोमाग एक गोल फिरत, गनने वेडेवाकडे आवळले तर डिस्क तिरकी ओढली जाते आणि सहाव्या पायरीची मेहनत पाण्यात जाते.

सावधान: गाडी हलवण्याआधी उभ्या उभ्या पेडल हळूहळू दाबत राहा, ते कडक होईपर्यंत. मागे दाबलेले पिस्टन पॅडपर्यंत आलेले नसतात, त्यामुळे पहिली दोन-तीन पेडलं सरळ फरशीला टेकतात. हे विसरून गाडी रिव्हर्स घेतली की ती भिंतीवरच थांबते. पेडल कडक झाल्यावर टाकीतली ऑइलची पातळी बघा.

## १३. पॅड आणि डिस्क एकमेकांत बसवा

पॅड बनवणाऱ्याने पद्धत दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० ते ६० किलोमीटरवरून १० ते १५ पर्यंत मध्यम ब्रेक, आठ ते दहा वेळा. प्रत्येक वेळी गाडी पूर्ण थांबवू नका आणि मधे अर्धा-एक किलोमीटर ब्रेकशिवाय चालवा. शेवटी काही किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरत गाडी थंड होऊ द्या. गरम ब्रेक दाबून उभं राहिलात तर पॅडचा ठसा एका जागी बसतो आणि तिथून थरथर सुरू होते. पहिले २०० ते ३०० किलोमीटर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा.

साधारण १०० किलोमीटरनंतर नट परत टॉर्क रेंचने तपासा. टॉर्च मारून डिस्कच्या दोन्ही बाजू बघा. पट्टा संपूर्ण रुंदीत सारखा राखाडी दिसला पाहिजे. एखादी कडा अजून गंजलेली किंवा कोरी असेल तर पॅड तिथे टेकत नाही. पॅडची क्लिप आणि स्लाइड पिन परत बघा.

शेवटी वहीत एक ओळ लिहा: तारीख, किलोमीटर, चाक कुठलं, डिस्कची नवी आणि किमान जाडी, आजचं सर्वांत छोटं माप, रनआउट, पॅड कुठल्या प्रकारचे. वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. पुढच्या वेळी आठव्या पायरीत अंदाज धरावा लागणार नाही, तुमच्याच गाडीचा झिजेचा आकडा समोर असेल.